पाय मुरगळला तर : व्यायाम घरी, सल्ला फोनवरून



बैल लंगडू लागला की आपण त्याला त्या दिवशी औताला जुंपत नाही. खूर पाहतो, पाय चाचपतो, गरज वाटल्यास पशुवैद्यकाला बोलावतो. स्वतःचा पाय मुरगळला तर मात्र वरून फडके गुंडाळून दुसऱ्या दिवशी पाठीवर फवारणी पंप चढवतो. पाय मुरगळणे हे दुखणे किरकोळ समजले जाते आणि पुष्कळदा ते किरकोळ असतेही. परंतु एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता बरीच असते. असे का होते, ते कसे टाळावे आणि त्यासाठी भौतिकोपचार तज्ज्ञाचा, म्हणजे आपण ज्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतो त्यांचा सल्ला फोनवरून कसा घ्यावा, याविषयी या लेखात माहिती दिली आहे.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु पिकाच्या उत्पादन खर्चात मजुरीचे दिवस मोजण्याची सवय असल्याने, ऐन खुरपणीत घरातील एक माणूस महिनाभर खाटेवर बसला तर काय होते हे सांगण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

घोटा कसा मुरगळतो

शेतातील जमीन कधीच सपाट नसते. एप्रिल-मे महिन्यांत काळ्या भारी जमिनीला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात बांध निसरडे होतात. उसात सरीतून चालताना एक पाय सरीत व दुसरा वरंब्यावर पडतो आणि खोडव्यातील बुडखे पाल्याखाली दिसत नाहीत. ज्या भागात शेतीपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळते तेथे अंधारात बारे धरावे लागते. ट्रॅक्टरवरून किंवा ट्रॉलीवरून उडी मारून उतरणे हेही एक नेहमीचे कारण आहे.

अशा वेळी बहुधा तळपाय आतल्या बाजूला वळतो आणि शरीराचा सगळा भार पायाच्या बाहेरील कडेवर येतो. घोट्याच्या बाहेरील बाजूस हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे तीन चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. त्यातील पुढचा पट्टा सर्वांत दुबळा असतो व तोच प्रथम ताणला किंवा फाटला जातो. केवळ ताण बसला असेल तर एक-दोन आठवड्यांत काम सुरू करता येते. पट्टा अर्धवट फाटला असेल तर तीन ते सहा आठवडे आणि पूर्ण तुटला असेल तर दोन ते तीन महिने किंवा अधिक काळ लागतो. अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तो स्नायूपेक्षा सावकाश भरून येतो. वरून सूज उतरली तरी आतील धागे पुन्हा मजबूत होण्याचे काम कित्येक महिने चालू राहते.

आधी हाड पाहावे

फोनवरून सल्ला घेण्याचा विचार करण्यापूर्वी हाड मोडलेले नाही याची खात्री करावी. यासाठी एक सोपी तपासणी आहे. कॅनडातील ओटावा येथील डॉ. इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ती मांडली आणि आज जगभरचे डॉक्टर एक्स-रे काढावा की नाही हे ठरवण्यासाठी ती वापरतात. बाहेरील घोट्याच्या टोकापासून वर सुमारे ६ सें.मी., म्हणजे साधारण चार बोटे, हाडाची मागची कड बोटाने दाबत जावी. आतील घोट्यावरही तसेच करावे. नंतर पायाच्या बाहेरील कडेवर करंगळी व टाच यांच्या मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा दाबावा. शेवटी आतील बाजूस घोट्याच्या पुढे, कमानीच्या वर असलेले हाड दाबावे. यांपैकी कोठेही नेमके हाडावर दुखले, किंवा मुरगळल्यावर लगेच व नंतर तपासणीच्या वेळीही लंगडत का होईना चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

ही तपासणी माणसाला वेदना नीट कळते असे गृहीत धरून केलेली आहे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाच्या बाबतीत किंवा दारूच्या अमलात असलेल्या माणसाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. लहान मुलांना व वयोवृद्धांनाही डॉक्टरांना दाखवलेलेच बरे. पाय वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटे गार किंवा निळी पडली असतील तर तपासणीत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण वैद्यकाच्या पुस्तकांत ती मुरगळण्याच्या प्रकरणात सापडणार नाही. रात्री शेतात किंवा गवतातून चालताना पायात कळ आली आणि घोटा सुजला, पण पाय वळल्याचे नक्की आठवत नाही, तर तो मुरगळला असे परस्पर समजू नये. फुरसे व घोणस हे साप बहुधा पायाला, घोट्याच्या आसपासच चावतात. दाताच्या खुणा प्रत्येक वेळी दिसतातच असे नाही. सूज वर चढत असेल, हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त येत असेल तर थांबू नये. किंबहुना नुसती शंका असली तरी प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे.

पहिले तीन दिवस

पायाला विश्रांती द्यावी. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे धरावा व दोन-तीन तासांनी पुन्हा धरावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. गावात बर्फ मिळत नसेल तर माठातील पाण्यात भिजवलेले फडके वारंवार बदलत राहावे. चार इंच रुंदीची क्रेप पट्टी बोटांकडून वर नडगीकडे गुंडाळावी, बोटे उघडी ठेवावी आणि मुंग्या आल्यास सैल करावी. झोपताना पट्टी काढून पाय उशीवर किंवा घडी केलेल्या घोंगडीवर छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा.

या दिवसांत चोळणे, गरम शेक, तेल लावून मालिश आणि हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे, या चारही गोष्टी टाळाव्यात. आत रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, शेकाने व चोळण्याने सूज वाढते. आंबेहळदीचा थंड लेप लावून मन शांत होत असेल तर हरकत नाही, पण त्यात चुना मिसळू नये, कातडी भाजते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. ज्यांना मूत्रपिंडाचा, जठरव्रणाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

बर्फ व विश्रांतीचा हा नियम १९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मिरकिन यांनी लोकप्रिय केला. त्यांनीच पुढे २०१४ साली लिहिले की बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास उशीर लागू शकतो. आज तज्ज्ञांचे मत असे आहे की बर्फ दुखणे कमी करण्यापुरता पहिल्या दिवसांत वापरावा आणि सोसेल तशी हालचाल लवकर सुरू करावी. आपल्याकडे मात्र दोन टोके दिसतात. जमीन मोठी आणि घरात माणसे पुष्कळ असतील तर महिनाभर खाट, आणि रोजंदारीवर पोट असेल तर तिसऱ्या दिवशी खुरपे. दोन्ही चुकीचे आहे, पण दुसरे हौसेने कोणी करत नाही.

दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे

या लेखातील महत्त्वाचा भाग हा आहे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक फ्रीमन यांनी १९६५ साली असे दाखवून दिले की मुरगळलेला पाय पुढे वारंवार दगा देतो याचे कारण केवळ अस्थिबंध सैल होणे हे नसते. अस्थिबंधांत बारीक मज्जातंतू असतात. पाय कोणत्या कोनात आहे, खाली ढेकूळ आहे की खड्डा, याची खबर ते मेंदूला देतात आणि त्यानुसार पोटरीच्या बाहेरील बाजूचे स्नायू क्षणार्धात पाय सावरतात. पट्टा फाटला की ही खबर पोहोचवणारी यंत्रणाही बिघडते. माणसाला दुखत नाही, सूज नाही, चालता येते; पण ढेकळावर पाय पडला की स्नायू उशिरा जागे होतात आणि घोटा पुन्हा वळतो. फ्रीमन यांनी रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. तेव्हा नुसत्या विश्रांतीपेक्षा त्यांचे पाय अधिक स्थिर झाले.

म्हणजेच, ज्या आठवड्यात आपण "आता बरे आहे" म्हणून कामाला लागतो त्याच आठवड्यात खरा उपचार सुरू व्हायला हवा. आमच्या प्रक्षेत्रावर खुरपणीस येणाऱ्या एका बाईंचा पाय जुलैत मुरगळला. बारा दिवसांनी त्या कामावर आल्या आणि पोळ्यापूर्वी तोच पाय पुन्हा मुरगळला. दुसऱ्या वेळी मजुरीचे पाच आठवडे बुडाले. पहिल्या वेळी त्यांना कोणीही एका पायावर उभे राहून पाहा असे सांगितले नव्हते. हे सांगायला औषध लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, फक्त जाणकार माणूस लागतो. आणि तो बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो.

फोनवरून तपासणी कशी होते

आपल्यापैकी अनेकजण आता रोगट पानाचा फोटो फोनवर पाठवून कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतात. फोनवरील भौतिकोपचार हा त्याच जातीचा प्रकार आहे. फरक एवढाच की पान बोलत नाही, रुग्ण बोलतो. ऑस्ट्रेलियात शेते दूरदूर पसरलेली असल्याने तेथे यावर बरेच काम झाले. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली घोट्याच्या दुखण्याचे १५ रुग्ण इंटरनेटवरून व प्रत्यक्ष समोर, असे दोन्ही प्रकारे तपासले. बहुतेकांचे निदान दोन्ही वेळा जुळले. इंग्लंडमध्ये सांधे व स्नायूंच्या दुखण्याच्या सुमारे २,२०० रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आधी फोनवरून तपासून सल्ला दिला आणि दुसरा गट प्रतीक्षा यादीत थांबून प्रत्यक्ष भेटला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही, मात्र फोनच्या गटाला सल्ला लवकर मिळाला.

तज्ज्ञाचा हात पायाला न लागता उपचार कसा होईल, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु घोट्याच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांनंतर उपचार म्हणजे मुख्यतः रुग्णाने स्वतः करायचे व्यायाम. तज्ज्ञ ते निवडतो, चुका सुधारतो आणि पुढची पायरी कधी गाठायची हे ठरवतो. या तिन्ही गोष्टी पाहून व बोलून होतात.

पानाचा फोटो पाठवताना शेतकरी बहुधा वरची बाजू पाठवतात, मागची नाही, आणि बांधापासूनचे शेत तर नाहीच. पायाच्या बाबतीत तीच चूक करू नये. बोलणे सुरू होण्यापूर्वी दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करावेत, कारण तज्ज्ञ दुखऱ्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करतो. ओसरीत दिवसाच्या उजेडात बसावे, उजेड पाठीमागून येऊ देऊ नये. फोन हातात न धरता पाटावर तांब्याला टेकवून जमिनीलगत ठेवावा. घरातील एक माणूस जवळ असावा, म्हणजे तज्ज्ञ सांगेल तेथे तो बोट दाबू शकेल. पाय कोणत्या बाजूला वळला, आवाज आला का, सूज किती वेळात आली, पूर्वी तोच पाय मुरगळला होता का आणि आपले रोजचे काम काय, हे आधी आठवून ठेवावे. शेवटचा मुद्दा तज्ज्ञ विचारायला विसरला तर आपणच सांगावा. शहरातील माणसाला बरे होणे म्हणजे जिना चढता येणे वाटते. आपल्याला उकिडवे बसून दिवसभर खुरपायचे असते.

तज्ज्ञ वेदना शून्य ते दहा या मापात विचारतात. आपण पीक किती आणे आहे हे सांगतो तसेच हे आहे, अंदाजाने पण प्रामाणिकपणे सांगावे. घोट्याची लवचिकता मोजण्यासाठी भिंतीची चाचणी सांगतात. भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा आणि पाऊल थोडे थोडे मागे घेत जावे. टाच उचलू लागण्यापूर्वी अंगठ्यापासून भिंतीपर्यंत किती अंतर राहिले ते टेपने मोजावे. दोन पायांच्या मापात दीड-दोन सें.मी.पेक्षा अधिक फरक असेल तर दुखरा पाय अजून आखडलेला आहे असे समजावे. हे माप दर आठवड्याला कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

चित्र दिसण्याइतका नेटवर्क नसेल तर साधे बोलणे व आधी पाठवलेले फोटो यांवरही काम भागते. एक अडचण मात्र नेटवर्कची नाही. घरातील फोन बहुधा पुरुषाबरोबर शेतात किंवा बाजारात असतो आणि दुखणे बाईचे असते. मग तिचे दुखणे नवरा सांगतो आणि व्यायामही त्यालाच समजावले जातात. ठरलेल्या वेळी फोन घरी ठेवावा आणि तिच्याच हातात द्यावा.

प्रथम डॉक्टरांचा सल्ला हवा असल्यास केंद्र शासनाची ई-संजीवनी ही सेवा आहे. तिची सुरुवात २०१९ साली झाली. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात गेल्यास तेथील कर्मचारी डॉक्टरांशी जोडून देतात. भौतिकोपचार तज्ज्ञ निवडताना त्यांचा राज्य परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये. पहिली भेट प्रत्यक्ष व पुढील सल्ला आठवड्याला एकदा फोनवरून, ही पद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते. एरवी प्रत्येक भेटीसाठी एसटीचे भाडे व एक दिवस जातो, आणि माणूस दुसऱ्या भेटीनंतर जाणेच सोडतो.

व्यायामाचा क्रम

खालील क्रम साधारण दुखापतीसाठी आहे. आपल्या तज्ज्ञाने वेगळे सांगितल्यास त्यांचे ऐकावे. व्यायामात थोडे दुखले तर चालते, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या पायरीवर परत यावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाटेवर बसून चवडा वर-खाली करावा व अंगठ्याने हवेत अ पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरे काढावीत. यात घोटा सर्व दिशांना फिरतो. चवड्याखालून पंचा घालून दोन्ही टोके स्वतःकडे ओढावीत, पोटरीला ताण बसतो. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे पुरे.

लंगडणे कमी झाले की ताकदीचे व्यायाम घ्यावेत. जुन्या सायकलच्या ट्यूबचा फेर खाटेच्या पायाला बांधून त्यात चवडा अडकवावा व तो बाहेरच्या बाजूला ओढावा. सावकाश ओढून सावकाशच सोडावा. पाय सावरणारे स्नायू हेच असल्याने हा व्यायाम चुकवू नये. मग भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलणे आणि जमल्यास एकाच पायाची टाच उचलणे.

तिसरा टप्पा तोल सांभाळण्याचा आहे आणि नेमका तोच लोक सोडून देतात, कारण तोवर दुखत नसते. दाराची चौकट हाताशी ठेवून दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे राहावे. जमू लागले की डोळे मिटून करावे. पुढे घडी केलेल्या पोत्यावर किंवा घोंगडीवर उभे राहून, आणि शेवटी नांगरलेल्या भुसभुशीत जमिनीवर, पण जवळ आधाराला माणूस ठेवून. दात घासताना रोज दोन मिनिटे हे केले तरी वेगळा वेळ काढावा लागत नाही. हा व्यायाम दुखणे थांबल्यावरही निदान सहा आठवडे चालू ठेवावा. दोन आठवड्यांत काहीच सुधारणा नसेल, पाय सारखा निसटल्यासारखा वाटत असेल किंवा पोटरी सुजून दुखू लागली असेल तर फोनवर विसंबून न राहता डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावे. यातील पोटरीच्या बाबतीत तर त्याच दिवशी.

शेतात परतताना

टाच जमिनीला टेकवून उकिडवे बसता येत नसेल तोवर खुरपणीला बसू नये. उभ्याने करण्याची कामे, सायकल कोळपे वगळून, आधी घ्यावीत. सुरुवातीला दिवसा व सपाट वाटेने चालावे, बांधावरून चालणे आठवडाभर लांबणीवर टाकावे. सैल गमबूट चिखलापासून पाय वाचवतो, घोट्याला आधार देत नाही. औषधांच्या दुकानात नाडी बांधायचा घोटापट्टा मिळतो. पहिले काही महिने शेतकामाच्या वेळी तो बांधल्यास पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे स्नायू दुबळे होतील या भीतीने तो टाळू नये, मात्र व्यायामही सोडू नयेत.

पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरल्यावर वीस किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड होतो आणि तो घेऊन ओल्या सरीतून चालणे ही घोट्याची सर्वांत कठीण परीक्षा आहे. एका पायावर अर्धा मिनिट डोळे मिटून उभे राहता येईपर्यंत फवारणी दुसऱ्याकडे सोपवावी. त्यानंतरही पहिला आठवडा पंप निम्माच, म्हणजे ८ लिटर भरावा. अशा वेळी औषधाची मात्राही पाण्याच्या प्रमाणात निम्मी घ्यावी. पूर्ण पंपाच्या सवयीने तेवढेच झाकण ओतल्यास द्रावण दुप्पट तीव्र होऊन पीक करपू शकते.